पांढऱ्या डोक्याचा पाणकावळा

हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारशी संधी मिळणार नाही. २००४ सालच्या एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका ओसाड बेटावर गेलो, ते एका पक्ष्याच्या गालाचा कोन पाहायला. दोन-तीन तासांचं काम होतं. त्यापायी तिघांचेही जीव जायची वेळ आली!

मोहिमेचे म्होरके हरिदास मेश्राम. वय अडुसष्ट. लहानपणी भंडाऱ्याकडच्या तलावांवर पाणकावळे मोजत हिंडलेला हा माणूस १९६७ साली हाउन्सलोला आला, एकतीस वर्षं हीथ्रोच्या कार्गो शेडमध्ये राबला आणि दर रविवारी जग अंथरुणात लोळत असताना गळ्यात दुर्बीण अडकवून पाण्याकाठी उभा राहिला. मी प्रज्ञेश वानखेडे, ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलेला. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात मेश्रामकाकांची माझी गाठ पडली आणि पुढच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी थंडीत कुडकुडत उभा होतो. त्यांचा नियम एकच होता. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मी सांगतो म्हणून तर मुळीच लिहायचं नाही.

आदल्या वर्षी काकांनी या बेटावर एक पांढऱ्या डोक्याचा पाणकावळा पाहिला होता. ब्रिटनच्या समुद्रकड्यांवर राहतात ते पाणकावळे एका जातकुळीचे, आणि युरोपातून येऊन तळ्याकाठच्या झाडांवर घरटी करतात ते दुसऱ्या. दोन्ही काळे, दोन्ही थोराड. फरक गालावर असतो. तोंडाच्या कोपऱ्यापासून पिवळ्या कातडीची कड खाली जाते. समुद्रवाल्यांची कड तिरकी, पुढे चोचीकडे सरकते. युरोपवाल्यांची सरळ खाली उतरते, काटकोनात. काकांचं म्हणणं, पांढऱ्या डोक्याच्या त्या पक्ष्याचा कोन काटकोन होता. म्हणजे झाडावरचा पक्षी समुद्राच्या कड्यावर अंडी घालत होता! त्यांनी चित्र काढून पक्षीमंडळाच्या नोंद-समितीकडे पाठवलं. उत्तर आलं, पुरावा अपुरा. खाली कुणीतरी हातानं एक ओळ जोडली होती की निरीक्षकाचं वय लक्षात घेता नोंद स्वीकारणं कठीण आहे.

ती ओळ काकांच्या जिव्हारी लागली. कारण समितीला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. कडेचं दिसायचं, मधलं पुसत चाललं होतं. डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं आणि पुढच्या वसंतात दुर्बिणीचा उपयोग राहणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. यंदा तो कोन सिद्ध झाला नाही, तर आयुष्यभराच्या वह्यांवर "म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं" असा शिक्का बसणार होता. काकांना त्यांचा शब्द परत हवा होता, बाकी काही नको होतं.

तिसरी होती त्यांची मुलगी धम्मशीला. जन्म हाउन्सलोचा, नोकरी मिल्टन कीन्सच्या एका शाळेत, विषय भूगोल. मराठी बोलायची अगदी बिनधास्त, शब्दांना लिंगं मात्र मर्जीप्रमाणे वाटायची. गाडी तीच चालवत होती आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रकही तिनंच कागदावर उतरवून बापाच्या हाती दिलं होतं.

"बाबा, पावणेएकला लो टाइड. अडीचला आपण परत फिरायचं. नॉट अ मिनिट लेटर. ओके?"

"ओके, मॅडम," काका म्हणाले आणि कागद खिशात घातला.

बेटाचं नाव अ‍ॅनव्हिल, म्हणजे ऐरण. लांबून दिसायचंही तसंच, वर सपाट, खाली आत कापलेलं. किनारा आणि बेट यांच्यात अर्धा किलोमीटर खडकांची वाट, ती ओहोटीला उघडी पडायची आणि भरतीत दोन पुरुष पाण्याखाली जायची. त्यात पौर्णिमा दुसऱ्या दिवशी, म्हणजे समुद्राला उधाण! आम्ही उतरलो तेव्हा वाऱ्याचा पत्ता नव्हता. पश्चिमेला समुद्रावर धुक्याची एक राखाडी भिंत उभी होती आणि ती जागची हलत नव्हती. वाटेच्या तोंडाशी काळ्या शेवाळात गुरफटून एक मेलेली मेंढी पडली होती. तिचं तोंड किनाऱ्याकडे होतं. परत येताना भरतीत सापडली असावी.

"चांगला शकुन आहे," मी म्हणालो.

"शकुनबिकुन काही नसतं," काका म्हणाले. "तिला कुणी वेळ सांगितली नाही, एवढंच."

फोन आम्ही गाडीतच ठेवले. तोही काकांचाच नियम. घरट्यांजवळ एक रिंग वाजली की पक्षी उठतात, आणि पक्षी उठले की सीगल अंडी पळवतात. दुसरा नियम कार्गो शेडमधून आलेला होता. पथकात घड्याळ एकच, ते म्होरक्याच्या मनगटावर, म्हणजे वेळेवरून वाद नको. धम्मशीलानं आपलं घड्याळ काढून बॅगेत टाकलं. माझ्याकडे नव्हतंच.

साडेबाराला आम्ही वाट ओलांडली. शेवाळावर दोनदा आपटलो, दोन्ही वेळा मीच. बेटाच्या दक्षिण अंगानं वीस मिनिटं कपारी धरून सरकल्यावर एक फूट-दीड फूट रुंदीचा, पायरीसारखा पुढे आलेला खडकाचा कठडा लागला. तिथून समोरच्या घळीत पाणकावळ्यांची वसाहत उघड्यावर दिसत होती. आधी आला तो वास, सडलेल्या मासळीचा आणि चुन्याचा. मग आवाज. गाणं नव्हे, किलबिल नव्हे, घशातून येणारी जड घरघर, साठ घरट्यांतून एकदम. काळे पक्षी पंख अर्धे पसरून उभे होते आणि सगळे आमच्याकडे एका डोळ्यानं पाहत होते.

काका कुजबुजत दाखवत गेले. "खाली पाण्याजवळ तो बारका, हिरवट झाक, डोक्यावर तुरा. तो शॅग, पाणकावळा नव्हे. हा वरचा बघ, मांडीवर पांढरा ठिपका, गाल पांढरा. हा आपला. आता सातव्या ओळीत, तुटक्या दगडाच्या डावीकडे..."

तो होताच! डोकं आणि मान पिकलेल्या केसांसारखी पांढरी. पण पठ्ठ्या पाठमोरा बसला होता. मी टेलिस्कोप ट्रायपॉडवर लावला आणि त्याच्या मानेवर रोखला. धम्मशीला कॅमेरा काढून तयार राहिली. काकांनी स्वतः भिंगाला डोळा लावला, मान तिरकी केली, मग उलट तिरकी केली आणि गुपचूप बाजूला झाले.

"तूच बघ," ते म्हणाले. "आणि कोन दिसल्याशिवाय तोंड उघडू नकोस."

आम्ही बराच वेळ थांबलो. पक्षी वळेना. धुक्याची भिंत मात्र जवळ आली, आधी क्षितिज गेलं, मग लांबची बोट गेली. अधूनमधून धम्मशीला विचारायची, "बाबा, किती वाजला?" काका मनगट डोळ्याच्या कडेला नेऊन सांगायचे. एक. सव्वाएक. पावणेदोन. मला मनातून वाटत होतं की वेळ फार सावकाश चाललाय. पोटात कावळे कोकलत होते, पाय बधिर झाले होते. पण काकांना "घड्याळ दाखवा बघू" कोण म्हणणार? थोरामोठ्यांचं मनगट ओढून तपासायची आपल्याकडे पद्धत नाही. धम्मशीला वेल्सपर्यंत गाडी चालवत आली होती, मी सर्व्हर सांभाळणारा शहाणा माणूस, आणि दोघंही शेळीसारखे गप्प बसलो.

"किती?" तिनं पुन्हा विचारलं.

"दोन वीस. अजून दहा मिनिटं आहेत."

त्याच क्षणी पक्षी उठला, पंख झाडले आणि एका अंगावर वळला. गाल लख्ख समोर! मी श्वास रोखला. पिवळी कातडी, पांढरी किनार, तोंडाचा कोपरा. आणि कड. पाच सेकंद ती मला तळहातावरच्या रेषेसारखी स्वच्छ दिसली. ती सरळ उतरत नव्हती. तिरकी होती, पुढे चोचीकडे सरकलेली.

हा साधा समुद्रवाला होता. म्हातारा नर. वयानं डोकं पांढरं झालं होतं, एवढंच.

मी तोंड उघडणार इतक्यात धम्मशीला किंचाळली.

"पाणी! प्रज्ञेश, पाणी बघ!"

कठड्याखालच्या खडकाच्या ज्या टप्प्यावर आम्ही बॅगा ठेवल्या होत्या, तिथे लाट चढली. एक बॅग उचलली गेली आणि फिरत फिरत दूर निघाली. मी कपारी धरत घाईनं मागे सरकलो. वाट दिसेल अशा वळणापर्यंत पोचलो. वाट नव्हतीच! मधे करडं, वेगानं वाहणारं पाणी होतं आणि त्यात शेवाळाचे झुबके आडवे ताणले गेले होते. मी खाली उतरलो. गुडघ्यापर्यंत गेलो. प्रवाहानं पाय उचलला. दगड सुटला. मी आडवा झालो, खारं पाणी नाकात गेलं, नखं खडकावर फरफटली! एक खाच हाती लागली. कसाबसा वर आलो आणि रक्ताळलेल्या हातांनी परत सरकलो.

कठड्यावर धम्मशीला बापाचं मनगट धरून उभी होती. 

"बाबा, तुमचा घड्याळ... लास्ट संडे क्लॉक्स पुढे गेली. तुम्ही चेंज नाही केला?"

"मी कधीच करत नाही," काका म्हणाले. "एकतीस वर्षं. विमानं ग्रीनिचच्या एकाच वेळेवर चालतात. हिवाळा-उन्हाळा बायकापोरांसाठी असतो. तू कागदावर लिहिलंस ते वेळापत्रकातलंच, ग्रीनिचचंच ना?"

"मी त्यात एक तास अ‍ॅड केलं होतं! तुमच्यासाठी!"

 उन्हाळ्यासाठी ब्रिटनभर घड्याळं एक तास पुढे करतात, काकांचं मागेच राहिलं होतं, म्हणजे आत्ता सव्वातीन वाजून गेले होते. वाट केव्हाच बुडाली होती. सातच्या सुमाराला भरती पूर्ण होणार होती.

भूगोलाच्या बाईंनी मग भूगोल वाचला. खडकाला चिकटलेल्या बारक्या पांढऱ्या शिंपल्यांवर तिनं हात फिरवला. ते रोज जिथवर पाणी येतं तिथवरच जगतात. त्यांची रांग आमच्या कठड्यावर माझ्या मांडीपर्यंत चढलेली होती.

"इथपर्यंत येणार," ती म्हणाली. "उधाण आहे, सो मेबी मोर. वर जायला हवं."

वर जायची वाट एकच होती, ती घळ. साठ घरट्यांच्या मधून.

"नाही," काका म्हणाले.

"बाबा!"

"आपण त्यात पाय टाकला की सगळे उडणार. दहा मिनिटांत सीगल एक अंडं ठेवणार नाहीत. ते बघ, बसलेच आहेत." घळीच्या माथ्यावर काळ्या पाठीचे थोराड सीगल खरोखरच बसले होते आणि वाट पाहत होते. "चूक माझ्या मनगटाची. भुर्दंड त्यांना कशाला?"

"अंडी महत्त्वाचं की आपण? तुम्ही सिक्स्टी-एट आहात! पाणी नऊ डिग्री आहे!"

बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, इकडे समुद्र कठड्याला धडका देत असताना. शेवटी तिनं अट घातली. पाणी कंबरेपर्यंत आलं की ती त्यांना फरफटत वर नेणार, मग पक्षी राहोत की जावोत. काकांनी मान हलवली. मी टेलिस्कोप सोडवून कपारीत कोंबला आणि ट्रायपॉडचे पाय एका भेगेत ठोकून बसवले. त्याला उरलेल्या बॅगेचे आणि दुर्बिणीचे पट्टे बांधले आणि पट्टे आमच्या कमरेला. पुढच्या मोठ्या लाटेनं टेलिस्कोप उचलून नेला. कॅमेरा आधीच्या एका लाटेनं धम्मशीलाच्या हातून नेला होता.

मग धुकं आलं. किनारा पुसला गेला, घळ पुसली गेली, फक्त ती घरघर उरली. पाणी घोट्याला लागलं. पोटऱ्यांना. गुडघ्यांना. दर लाट येताना आधी खडकाच्या पोटात धडधड व्हायची, मग अंगावर बर्फाचा तडाखा. धम्मशीलाच्या गळ्यात शाळेतली, मैदानावरच्या पोरांना हाकायची शिट्टी होती. मदतीची खूण म्हणून ती सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायची, पुन्हा सहा वेळा.

"जरा हळू," काका पुटपुटले. "पक्षी..."

"शट अप, बाबा!" ती म्हणाली आणि रडत रडत पुन्हा शिट्टी फुंकू लागली.

पाचनंतर कधीतरी काकांचं कुडकुडणं थांबलं. मला बरं वाटलं, आणि मग कळलं की हे बरं लक्षण नाही. त्यांचे ओठ निळे पडले होते. ते हळूहळू खाली बसू लागले. त्यांनी ट्रायपॉडवरचा एक हात सोडला.

"मी जरा बसतो," ते म्हणाले.

"काका, उभे राहा! काका!"

"प्रज्ञेश, तू पाहिलंस का रे? वळला होता ना तो?"

"वळला होता."

"कोन?"

मी धम्मशीलाकडे पाहिलं. तिच्या तोंडात शिट्टी होती. काकांचा दुसरा हात सुटत होता, एकेक बोट मोकळं होत होतं. माझ्या घशात खरं उत्तर तयार होतं. ते मी गिळलं.

"काटकोन, काका! सरळ खाली! तुमच्या चित्रात आहे तस्साच!"

त्यांनी मान वर केली. डोळ्यांच्या कडेनं मला शोधलं.

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिला. मला लिहायचंय, पण शब्द तुमचे हवेत. उठा!"

आणि म्हातारा उठला! ट्रायपॉड दोन्ही हातांनी धरला. "तारीख लिही," तो म्हणाला, "वाऱ्याची दिशा लिही," आणि मांडीभर बर्फगार पाण्यात उभं राहून मला पाठ करायला लावत राहिला. पिसांचा रंग काय, पायांचा काय, किती सेकंद दिसला. मी एकेका खोट्यावर दुसरं रचत गेलो. एकदा लाट छातीवर आली. धम्मशीलानं पट्टे सोडायला सुरुवात केली, घळीकडे तोंड केलं. लाट उतरली. पाणी पुन्हा मांडीवर आलं. तिनं आणखी एक लाट थांबायचं ठरवलं, मग आणखी एक.

सहा वाजून गेल्यावर धुक्यात इंजिनाचा आवाज आला. किनाऱ्यावर कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईनं शिट्टी मोजली होती. सहा, थांबा, सहा. तिनं फोन केला. नारिंगी लाइफबोट कठड्याला टेकवता येईना, म्हणून एक तरुण दोर बांधून पोहत आला आणि त्यानं आधी काकांना नेलं. निघताना मागे वळून पाहिलं तेव्हा धुकं क्षणभर विरळ झालं. घळीतून एकही पक्षी उडाला नव्हता.

तीन दिवसांनी काका हॉस्पिटलमधून घरी आले आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. हाउन्सलोच्या त्या स्वयंपाकघरात दर दोन मिनिटांनी छपरावरून विमान जायचं. टेबलावर कोरा कागद होता, पेन होतं. धम्मशीला चहा करत होती.

"फोटो गेला तर गेला," काका म्हणाले. "पण आता निरीक्षक अडुसष्टचा नाही, एकोणतीसचा आहे. डोळे ठणठणीत. आता म्हणू दे समितीला काय म्हणायचं ते. लिही. दिनांक चार एप्रिल."

मी लिहिलं.

"पाहणारा, प्रज्ञेश वानखेडे. कोन..."

माझं पेन थांबलं. 

"काका, काटकोन नव्हता."

विमान गेलं. 

"तिरका?"

"तिरका. पुढे सरकलेला. पाचच सेकंद, पण स्वच्छ दिसला. म्हातारा नर असणार. तुम्ही हात सोडत होता, म्हणून मी..."

धम्मशीला शेगडीपाशी पाठमोरीच उभी राहिली. काकांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. त्यांचा चेहरा मला बघवेना. वर्षभर हा माणूस समितीला शिव्या घालत होता, आणि समितीचं बरोबर होतं. मला स्वतःचाच राग आला. आधी खोटं बोललो त्याचा, आणि आता खरं बोललो त्याचाही.

"नवा कागद घे," काका म्हणाले. "लिही. गेल्या वर्षीची माझी नोंद मी मागे घेतो."

"कारण लिहायलाच हवं का?"

"कारण नसलेली नोंद असते का कुठे? लिही, माझे डोळे अधू झाले आहेत. त्याखाली तू पाहिलेला कोन लिही, आणि तुझं नाव." त्यांनी कागदाची कड चाचपली. "खोटं बोलून जगवलंस मला. मला आवडलं नाही ते."

"पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन, काका."

"बोलशील, माहीत आहे." त्यांनी चाचपत पेन मागितलं. "मग तेव्हाही असंच येऊन खरं सांग."

मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. त्यांनी सही केली. ती ओळ सोडून खाली उतरत गेली, थेट कागदाच्या कडेपर्यंत. धम्मशीला म्हणाली, दुसरा कागद घेऊ या का? काका नको म्हणाले. मी तो कागद तसाच पाकिटात घातला.